मनवर मॅडमची खुर्ची

पोलीस ठाण्यात खुर्च्यांची टंचाई असते असं मी तरी कधी ऐकलेलं नाही. आमच्या ठाण्यात तर नवी इमारत झाल्यापासून व्हरांड्यात लोखंडी बाकं आहेत, आत गादीच्या खुर्च्या आहेत आणि आलेल्या माणसाला 'बसा' म्हणणारा एक शिपाईसुद्धा आहे. तरी मनवर मॅडम दर वेळी घरून खुर्ची घेऊन जायच्या. लाल प्लास्टिकची. तिचा एक हात तडकला होता, तो त्यांनी तारेने बांधून टाकला होता, आणि त्या तारेच्या टोकाने माझे किती शर्ट फाडले याचा हिशेब मी गणिताचा मास्तर असूनही ठेवलेला नाही.

कारण ती खुर्ची जायची माझ्या स्कूटरवर. सकाळी अंघोळ करून मी पेपर उघडावा, तेवढ्यात मधल्या भिंतीपलीकडून हाक यायची, "राऊत सर, गाडी काढा. कोणाले तरी आणलं म्हणतात." कोणाला, कशासाठी, हे विचारायची सोय नव्हती. मॅडम मागे बसायच्या, खुर्ची उलटी करून दोघांच्या मध्ये धरायच्या, तिचे पाय माझ्या कानांच्या दोन्ही बाजूंनी पुढे आलेले, आणि आमची ही वरात भर बाजारातून ठाण्याकडे निघायची. कापसाच्या गाड्यांवरची माणसं माना वळवून बघायची. माझी बायको मंगला म्हणायची, "रिटायर झाल्यावर माणसं देवाले जातात. माझा नवरा लॉकअपले जाते."

गावाचं नाव सांगत नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव समजा. मी ज्या गोष्टी सांगणार आहे त्यासाठी कोणतंही गाव चाललं असतं, आणि मला वैताग आहे तो याचाच.

मी होतो त्याच इथल्या हायस्कूलमध्ये मॅडम इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायच्या, पुढे मुख्याध्यापिका झाल्या. लग्न केलं नाही. ठेंगण्या, काटक, फिक्या रंगाची सुती साडी, गळ्यात आईची सोन्याची साखळी, आणि बोलणं असं सावकाश की समोरचा माणूस आपोआप वहीपेन शोधू लागे. भेटेल त्याला 'जयभीम' घालायच्या. ठाणेदाराला आणि लॉकअपमधल्या माणसाला, एकाच आवाजात. ठाणेदाराला याचंच जास्त लागायचं.

ठाण्यात जाऊन त्या काय करायच्या? काही नाही. व्हरांड्यात लॉकअपचं दार दिसेल अशी खुर्ची भिंतीला लावायच्या, मांडीवर सुपलीएवढं ताट घ्यायच्या आणि मेथी निवडत बसायच्या. हिवाळ्यात तुरीच्या शेंगा. सोबत स्टीलचा थर्मास. नवा ठाणेदार बदलून आला की पहिल्या आठवड्यात हा संवाद ठरलेला असायचा.

"काय काम आहे मॅडम?"

"काही नाही. बसली आहे."

"तक्रार आहे का?"

"नाही."

"मग?"

"हे ठाणं लोकांचं आहे ना? मी लोकांपैकीच आहे. बसली आहे."

एका ठाणेदाराने त्यांना बाहेर काढलं. मॅडम शांतपणे उठल्या, रस्ता ओलांडला आणि समोरच्या चहाच्या टपरीजवळ उन्हात खुर्ची मांडून शेंगा सोलायला लागल्या. आमच्या गावात म्हातारी बाई भर उन्हात बसलेली दिसली की लोक थांबतात. तासाभरात तिथे इतकी गर्दी झाली की ट्रॅक्टर निघेना. शेवटी ठाणेदारांनीच शिपाई पाठवून त्यांना आत बोलावलं. त्या सगळ्या वेळात मी स्कूटरला टेकून उभा होतो आणि येणाराजाणारा मला विचारत होता, "सर, मॅडमचं डोकं ठिकाणावर आहे ना?" आता याला माणसाने काय उत्तर द्यावं?

उठण्याआधी त्या एक गोष्ट न चुकता करायच्या. लॉकअपमधल्या माणसाला नळावर नेऊन आणायला सांगायच्या. "पाणी पाजा त्याले. चालत जाऊ द्या." तो चालत नळापर्यंत जायचा आणि परत यायचा, मॅडम चष्म्यावरून त्याच्या पावलांकडे बघायच्या. तळव्यांवर पट्टा बसलेला माणूस चालताना लपत नाही, हे त्यांना कुठून कळलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. रात्रीचं काय, या माझ्या प्रश्नाला हे त्यांचं उत्तर होतं.

"मॅडम, आता तर ठाण्यात कॅमेरे आहेत," मी म्हणायचो.

"आहेत. नेमके नको तेव्हा बंद पडतात. मी कधी बंद पडली का?"

नाही पडल्या. तोच तर ताप होता.

ठाण्यातला तो पट्टा मी पाहिलेला आहे. पिठाच्या चक्कीला असतो तसला, जाड रबरी, एका टोकाला लाकडी मूठ ठोकलेली. डीबीच्या, म्हणजे चोऱ्यांचा तपास करणाऱ्या पथकाच्या पोरांनी त्याचं नाव 'मास्तर' ठेवलं होतं. "काढ रे मास्तर" म्हटलं की नुसत्या शब्दाने माणूस ओला व्हायचा म्हणे. मॅडमना हे कळलं तेव्हा त्या सरळ इंगोले जमादाराच्या टेबलापुढे जाऊन उभ्या राहिल्या. इंगोले त्यांचाच विद्यार्थी. अंगाने दांडगा, मनाने वाईट नाही, पोरीच्या लग्नाची पत्रिका द्यायला सगळ्यात आधी मॅडमकडे येणारा.

"गजानन, त्याचं नाव बदल."

"गंमत आहे मॅडम ती."

"मी आयुष्यभर मास्तरकी केली. हे राऊत सर आहेत, यायनं केली. आम्ही काय हे काम करत होतो का?"

इंगोले हसला. "तुम्हीबी तं आमचे कान पिळलेच होते मॅडम. त्याच्यानंच तं सुधारलो."

"पिळले. चुकलं माझं," मॅडम म्हणाल्या. "माझ्या सगळ्या शिकवण्यातून तू तेवढंच उचललं काय रे?"

इंगोलेचं हसू मावळलं. पण पट्ट्याचं नाव काही बदललं नाही.

माझं आणि मॅडमचं भांडण या विषयावर कायम चालायचं. भांडण कसलं, मी ओरडायचो आणि त्या सावकाश बोलायच्या, त्यामुळे बघणाऱ्याला मीच हरलो असं वाटायचं. मी म्हणायचो, "बिनगुन्ह्याच्याले मारू नये, मान्य. कोणीबी मान्य करन. पण खरा चोर असला तं काय त्याची आरती करायची?"

"बिनगुन्ह्याच्याले मारू नका, हे म्हणाले काय लागते राऊत सर? मारणाराबी तेच म्हणते. प्रश्न चोराचाच आहे."

"अन् उद्या एखाद्यानं लेकरू पळवून कुठं डांबलं, अन् तो सांगत नसला, तं?"

मला वाटलं, आता सापडल्या. मॅडमनी हातातली मेथीची काडी निवडून ताटात टाकली. मग म्हणाल्या, "तेव्हा माझाबी हात उठन. मी काही संत नाही. म्हणूनच तं म्हणते, तो पट्टा तिथं टांगून ठेवू नका. तो हाताशी असला की प्रत्येकाले आपलं कारण लेकराएवढं मोठं वाटते. मोटारपंप चोरीले गेला तरी."

मग ताट बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "गुंड मारते ना, तं स्वतःच्या नावानं मारते. पकडला गेला तं जेलात जाते. ठाण्यात मारतात तं कोणाच्या नावानं मारतात? सरकारच्या. सरकार म्हणजे कोण? मी अन् तुम्ही. माझ्या नावानं कोणाले मारायचं असन तं मी तिथं बसलेली पाह्यजे. अन् मी बसलेली असली की त्यायचा हात उठत नाही. आता याले मी काय करू?"

असं बोलल्यावर माणसाने गाडी काढू नये तर काय करावं? मी चडफडत गाडी काढायचो.

पण त्यांनी मला खरा तोंडघशी पाडला तो सत्काराच्या दिवशी. मोटरसायकली चोरणारी एक टोळी पकडली गेली होती. पोलिसांनी त्यांच्या हाताला दोर बांधून बाजारातून धिंड काढली, चौकात गुडघ्यांवर बसवून हात जोडायला लावले, लोकांनी मोबाईलवर व्हिडिओ काढले, टाळ्या वाजवल्या. दोघांना धड चालता येत नव्हतं, तेही व्हिडिओत होतं आणि खाली हसण्याची चित्रं होती. आठवड्याने व्यापाऱ्यांनी ठाणेदारांचा सत्कार ठेवला, आणि गावातल्या मान्यवर म्हणून शाल द्यायला बोलावलं कोणाला, तर मनवर मॅडमना. ज्याने ही नावं ठरवली त्याच्या अकलेला मी आजही हात जोडतो.

मॅडम गेल्या. शाल ठाणेदारांच्या खांद्यावर नीट घातली, सारखीही केली. माईकवाल्याला वाटलं आशीर्वादाचे दोन शब्द बोलतील. मॅडम म्हणाल्या, "साहेबांनी चोर पकडले, कष्टानं पकडले, त्यायचं मनापासून अभिनंदन. पकडल्यावर मारलं कायले, तेवढं साहेब आपल्या भाषणात सांगतीन."

आणि खाली येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या.

सभागृहात कोणाच्या तरी हातातली पाण्याची बाटली पडली तेवढाच आवाज झाला. ठाणेदार साताऱ्याकडचे, शुद्ध बोलणारे. ते भाषणात एवढंच म्हणाले की कायदा सुव्यवस्था राखताना कधीकधी कठोर व्हावं लागतं. मॅडम मोठ्याने म्हणाल्या, "हे उत्तर नाही झालं." मी आयुष्यात इतका वेळ स्वतःच्या चपलांकडे पाहिलेलं नाही. पुढे महिनाभर किराणा दुकानात मला 'सर' म्हणणं बंद होतं.

त्या दिवशी परत येताना मी फुटलो. रस्त्यातच स्कूटर थांबवली. "मॅडम, मले नाही जमत आता. लोक तोंडावर हसून राह्यले. अन् ती खुर्ची! ठाण्यात एवढ्या खुर्च्या आहेत, तुमाले घरचीच काहून लागते? काय त्रास देता तुम्ही माणसाले!"

मला वाटलं होतं त्या रागावतील. त्या खाली उतरल्या, पुलाच्या कठड्याला टेकल्या आणि म्हणाल्या, "रशीद आठवते तुमाले?"

रशीद कोणाला आठवणार नाही? आमच्या शाळेचा शिपाई. शाळेतले कॉम्प्युटर चोरीला गेले तेव्हा किल्ली त्याच्याकडे होती, म्हणून त्याला उचललं होतं. त्याने गुन्हा कबूल केला, कुठे विकले तेही सांगितलं. पुढे खरे चोर वर्धेकडे सापडले, कॉम्प्युटरसकट. रशीदला सोडलं. त्याचा एक गुडघा मात्र कायमचा गेला. त्याने नोकरी सोडली आणि एसटी स्टँडसमोर पंक्चरचं दुकान टाकलं. एवढं मला माहीत होतं. मॅडमनी सांगितलं ते माहीत नव्हतं.

"मी मुख्याध्यापिका होती, म्हणून फिर्यादी मीच. तेव्हाच्या ठाणेदारानं बोलावलं. म्हणे, या मॅडम, फिर्यादीचं समाधान झालं पाह्यजे. अशीच रीत आहे म्हणे. मले गादीच्या खुर्चीत बसवलं. कपबशीत चहा आणून दिला. अन् समोर रशीदले आणलं."

मी स्कूटर स्टँडवर लावली.

"मी उठली नाही राऊत सर. तोंडातून शब्द फुटला नाही. हातात कप होता, तो कुठं ठेवू ते समजेना. मग मी तो पिऊन टाकला." मॅडम पुलाखाली बघत होत्या. पाणी नव्हतंच तिथे, नुसती बेशरमाची झुडपं. "तो सुटून आल्यावर मी त्याच्या घरी गेलती माफी मागाले. तो काय म्हणाला माहीत आहे? म्हणे, माफी कायले मांगता मॅडम? तुम्ही थोडी मारलं? तुम्ही तं चाय पिऊन राह्यल्या होत्या."

मग त्या पुन्हा स्कूटरवर बसल्या. "म्हणून तिथची खुर्ची नाही अन् तिथचा चहा नाही. त्या खुर्चीत बसलं की आपण त्यायचे पाहुणे होतो. चला आता, ऊन लागते."

त्यानंतर मी खुर्चीबद्दल कधी बोललो नाही. चडफडणं मात्र सोडलं नाही, ते माझं स्वतःचं आहे.

गेल्या वर्षी दिवाळीनंतरची गोष्ट. मॅडम सकाळी यवतमाळ रोडला फिरायला गेल्या होत्या. मोटरसायकलवरून एकाने त्यांच्या गळ्यातली साखळी ओढली. साखळी लवकर तुटेना, म्हणून त्याने मॅडमना लाथ मारली. त्या डांबरावर पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. तो पुढच्या फाट्यावर लोकांच्या हाती लागला, साखळी त्याच्या खिशात होती, पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यात त्याचं तोंड स्पष्ट आलं होतं. म्हणजे यात संशय वगैरे भानगड नव्हती. हाच तो. त्याचं नाव मी लिहीत नाही, त्याची आई याच गावात राहते.

मॅडमना आम्ही यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. स्ट्रेचरवर होत्या, दुखण्याने ओठ पांढरे पडले होते, आणि त्यांचा फोन वाजला. इंगोले होता. रडवेल्या आवाजात बोलत होता, स्पीकर चालू होता. "मॅडम, सापडला हरामखोर. तुम्ही बिनघोर राहा. आज तुमच्यासाठी मास्तर काढतो. तुमाले हात लावते म्हणजे काय?"

मी खरंच म्हणालो, "काढ."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. वर्गात मागच्या बाकावरच्या पोराकडे बघावं तसं. फोनमध्ये म्हणाल्या, "गजानन, थांब. राऊत सर येऊन राह्यले." आणि मला म्हणाल्या, "खुर्ची माझ्या अंगणात आहे."

मी भर दवाखान्यात ओरडलो. नर्स धावत आली. मी म्हणालो, मी जाणार नाही, त्याने तुम्हाला लाथ मारली, तो खरा गुन्हेगार आहे, मी त्याच्यासाठी बसणार नाही, काय वेडेपणा लावला आहे. सगळं बोलून घेतलं. मॅडम दुखणं गिळत थांबून राहिल्या आणि मग म्हणाल्या, "झालं? आता पाहा. रशीदसाठी बसणं सोपं होतं, तरी मी बसली नाही. हा खरा चोर आहे. आज तुम्ही नाही बसले तं इतके दिवस मेथी निवडाले गेलतो का आपण?"

मंगलाने माझ्या हातात स्कूटरची किल्ली दिली. तीसुद्धा मॅडमच्या बाजूने. मला त्या क्षणी दोघींचाही विलक्षण राग आला.

तर मी गेलो. खुर्ची भिंतीला लावली आणि बसलो. दुसऱ्या दिवशी कोर्टातून त्या माणसाचा पीसीआर मिळाला, म्हणजे काही दिवस तो पोलिसांच्याच ताब्यात. मागच्या चोऱ्याही कबूल करून घ्यायच्या होत्या. ठाणेदार बाहेर आले, "राऊत सर, तुम्ही तरी समजदार आहात," म्हणाले. शिपायाने चहा आणला, मी नको म्हणालो. मला मेथी निवडता येत नाही. मी नुसता त्या माणसाकडे बघत बसलो आणि जितका वेळ बघितलं तितका वेळ मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. कोवळं नव्हतं तोंड ते. मुर्दाड होतं. एकदा तर तो मला म्हणाला, "बाबूजी, बिडी आहे का?" मी दात खाऊन बसून राहिलो. संध्याकाळी इंगोलेला म्हणालो, "पाणी पाज त्याले. चालत जाऊ दे."

इंगोले माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुम्हीबी, सर?"

रोज येताजाता स्टँडसमोरून जावं लागे. रशीद पंक्चर काढता काढता मान वर करून माझ्या स्कूटरवरची खुर्ची बघायचा. एक दिवस त्याने हात दाखवून थांबवलं. "मॅडम कशा आहेत?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, ऑपरेशन झालं, बऱ्या आहेत. "अन् ही खुर्ची त्याच्यासाठी? ज्यानं पाडलं त्याच्यासाठी?" मी हो म्हणालो. रशीदने पाना फिरवायला सुरुवात केली.

संध्याकाळी यवतमाळला जाऊन मला हजेरी द्यावी लागायची. शेवटच्या संध्याकाळी मॅडम जरा सुस्तावलेल्या होत्या, पण प्रश्न तेच.

"चालला?"

"चालला."

"सरळ?"

"सरळ. माझ्यापेक्षा सरळ."

"चहा पेला का तिथं?"

"नाही. दिवसभर डोकं दुखून राह्यलं चहाशिवाय."

"मग थर्मास नेत जा ना," मॅडम वैतागून म्हणाल्या. "माझ्या ओट्यावर आहे. एवढे वर्षं मी तो कायले नेत होती, असं वाटलं तुमाले?"

आणि तोंड भिंतीकडे फिरवून झोपल्या. माझं आणि त्यांचं एवढंच शेवटचं बोलणं. इतक्या वर्षांच्या शेजारानंतर माणसाच्या वाट्याला काय यावं, तर थर्मास.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थर्मास घेऊन ठाण्यात बसलो होतो. मंगलाचा फोन आला. पायातली रक्ताची गाठ वर गेली, डॉक्टर म्हणत होते, मिनिटांत संपलं.

माझ्या तोंडाकडे बघूनच इंगोलेला कळलं. तो आत गेला, तोंडावर पाणी मारून बाहेर आला. डोळे लाल. व्हरांड्यातले सगळे शिपाई उभे राहिले. त्यातले निम्मे मॅडमच्या हाताखालून गेलेले. लॉकअपमधल्या माणसालाही समजलं. तो दारापासून मागे सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकला.

इंगोले माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "सर, तुम्ही जा यवतमाळले. मॅडमजवळ जा. इथलं आम्ही पाहून घेतो."

त्याच्या 'पाहून घेतो'चा अर्थ मला समजला होता. दुपारी त्या माणसाला पुन्हा कोर्टात न्यायचं होतं, तोपर्यंतचा वेळ यांच्या हातात होता. मला उठायचं होतं. मॅडम तिथे एकट्या पडल्या होत्या, मंगला रडत होती, आणि मी त्यांच्या मारेकऱ्याची राखण करत बसलो होतो. उठलो असतो तर कोणी मला नाव ठेवलं नसतं. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त मॅडमचा राग येत होता. मरतानासुद्धा या बाईने मला मोकळं सोडलं नाही. मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून बसून राहिलो, तार तळव्यात रुतली तरी.

"सर, जा म्हणतो ना," इंगोले म्हणाला.

"नाही जात."

किती वेळ गेला सांगता येणार नाही. फाटकातून रशीद येताना दिसला. गावात बातमी पोचली होती. सुटून गेल्यापासून या आवारात त्याने पाऊल टाकलेलं नव्हतं. हाताला ग्रीस तसंच, एक पाय ओढत तो व्हरांड्याच्या पायऱ्या चढला. चढताना कठडा धरावा लागला त्याला. सगळे बघत होते. इंगोलेने मान खाली घातली. रशीदला उचललं तेव्हा तो नवा शिपाई होता, इथेच होता.

"उठा सर," रशीद म्हणाला. "तुम्ही जा. मी बसतो."

"रशीदभाई, तुम्ही?"

"मॅडमसाठी नाही बसून राह्यलो," तो म्हणाला. "मले माहीत आहे आतमध्ये काय होते."

मी उठलो. तो बसला. दुखरा पाय पुढे लांब केला, लाल खुर्चीच्या तडकलेल्या हातावर हात ठेवला. कोणीतरी सवयीने त्याच्यापुढे चहाचा कप आणला. रशीदने कपाकडे बघितलंही नाही.

"जमादार," तो म्हणाला, "पहिले त्याले पाणी पाजा. चालत येऊ द्या."

इंगोलेने त्याच्या लांब केलेल्या पायाकडे बघितलं. मग त्याने कमरेची किल्ली काढली आणि लॉकअप उघडलं. तो माणूस भिंत सोडेना. त्याला दोनदा सांगावं लागलं. मग तो बाहेर आला, नळापर्यंत गेला, पाणी प्याला आणि सगळ्यांच्या मधून चालत परत आत गेला.

मी यवतमाळला पोचलो तेव्हा मॅडमना चादर घातलेली होती. मंगलाने ती बाजूला केली. कपाळावर ती नेहमीची आठी तशीच होती, आता काहीतरी विचारणार अशी. मला राहवलं नाही. मी मोठ्याने म्हणालो, "चालला मॅडम. सरळ चालला. रशीदभाई बसले आहेत." मंगलाने माझा दंड धरला, वॉर्डातली माणसं बघायला लागली.

मी चादर पुन्हा नीट केली. बाहेर पायरीवर येऊन बसलो, थर्मास उघडला आणि चहा प्यायलो.